कावळा, फांदी आणि त्रेपन्न क्रमांकाची बाटली



कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण कितीतरी प्रसंगी म्हणतो. संस्कृत पंडितांनी ह्याच अनुभवाला काकतालीय न्याय असे नाव दिले आहे. कावळा ताडावर येऊन बसतो आणि त्याच क्षणी पिकलेले फळ खाली पडते. पाहणाऱ्याला वाटते, कावळ्याच्या भाराने फळ पडले. वस्तुतः फळाचा देठ कधीच सुटत आलेला असतो. ही म्हण आपल्या तोंडी आहे, परंतु ती आपल्याला आठवते बहुधा दुसऱ्याची चूक दाखविताना. आपण स्वतः एखाद्यावर ठपका ठेवतो तेव्हा कावळाही आठवत नाही आणि फांदीही आठवत नाही. असा ठपका किती महाग पडू शकतो, हे एका खऱ्या प्रकरणावरून पाहावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक ठाम विधान म्हणजे युक्तिवाद नव्हे. ‘अमुक माणूस दोषी आहे’ हे नुसते मत झाले. ‘अमुक माणूस दोषी आहे, कारण त्याने असे असे केले’ असे म्हटले की युक्तिवाद सुरू होतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्या अर्थी’ हे शब्द कानी पडले की सावध व्हावे. ते उघडपणे उच्चारलेले नसले तरी वाक्यांच्या मागे दडलेले असतात, आणि त्यांना बाहेर काढणे ही परीक्षेची पहिली पायरी होय.

आपल्या न्यायशास्त्राने ह्या परीक्षेसाठी युक्तिवादाचे पाच अवयव सांगितले. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. ह्या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून येथे अग्नी आहे, हे निगमन. ह्या साखळीचा सारा भार एका कडीवर आहे, आणि ती कडी म्हणजे हेतू आणि साध्य ह्यांचा अतूट संबंध. तिला नैयायिक व्याप्ती म्हणतात. हेच विधान उलटे करून पाहा. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येईल काय? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा अग्निमय असतो, पण त्यातून धूर निघत नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे उपाधी. ती लक्षात न घेता जो अनुमान काढतो, तो फसतो. हेतू कधी साध्याबरोबर आढळतो आणि कधी साध्यावाचूनही आढळतो, तेव्हा त्या हेतूला सव्यभिचार म्हणतात, आणि असा हेतू काहीही सिद्ध करीत नाही.

ही तराजू ग्रंथांत ठेवून देण्यासाठी नाही. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या परळ भागातील एका प्रयोगशाळेच्या बाबतीत तिची नितांत गरज होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील एका रुग्णाला ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, झाला असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय वैद्याने ओळखले. पुढच्याच महिन्यात वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला होता, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते आणि पटकीवरील लस तयार करून ती ह्या देशात हजारो लोकांना टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत सुमारे तीन महिने राबून त्यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस गुणकारी आहे, असा दावा करणे सोपे होते. तो सिद्ध कसा करावयाचा? लस टोचलेले लोक वाचले, एवढ्याने काम भागत नाही. लस घेणारा माणूस कदाचित अधिक सुस्थितीत असेल, अधिक हवेशीर घरात राहत असेल, अधिक सावध असेल. ही झाली ओल्या सरपणासारखी उपाधी. ती वगळण्याची युक्ती बडोद्याजवळच्या उंडेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत योजण्यात आली. कुटुंबाकुटुंबाने गावकऱ्यांना एकत्र करून प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. छप्पर तेच, चूल तीच, उंदीर तेच, पाणी तेच. फरक एकच राहिला, आणि तो लसीचा. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. घरातील निम्म्यांना संरक्षणावाचून ठेवणे आजच्या वैद्यकीय नीतीला मानवणार नाही. परंतु युक्तिवाद म्हणून पाहिले, तर भरपूर माणसे मोजण्यापेक्षा योग्य माणसांची तुलना करणे किती मोलाचे असते, हे ह्या लहानशा गावाने दाखवून दिले.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. मागणी वाढत होती, आणि पंजाबातून तर लक्षावधी मात्रांची मागणी आली. इतकी लस वेळेवर तयार व्हावी म्हणून कृतीत काही बदल करण्यात आले. पूर्वी लसीत कार्बोलिक आम्ल मिसळीत असत. आता ते वगळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्यात येऊ लागली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यात, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, मुलकोवाल नावाचे खेडे होते. तेथे त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३ एन्’ अशी खूण असलेल्या एका बाटलीतून १९ जणांना लस मिळाली. सुमारे आठवड्याने ह्या १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली, आणि त्यांतला एकही वाचला नाही. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने चौकशी-आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष असा की, बाटली मुलकोवालला उघडली जाण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, दूषित झाली होती. हाफकिन ह्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते इंग्लंडला परतले.

आता हा युक्तिवाद अवयवशः मांडून पाहू. प्रतिज्ञा : बाटली परळला दूषित झाली. हेतू : कारण तेथे कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले होते. मग व्याप्ती कोणती मानावी लागते? जेथे जेथे कार्बोलिक वगळले जाते, तेथे तेथे लस दूषित होते, ही. परंतु केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत पाश्चर संस्थेत मान्य होती आणि तिने अपाय होत नव्हता. हेतू साध्यावाचूनही आढळत होता, म्हणजे तो सव्यभिचार होता. आधी कृतीत बदल झाला, मग माणसे मेली, ह्यापलीकडे त्यात फारसे बळ नव्हते. कावळा बसला होता खरा. फांदी त्यानेच मोडली काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

ह्यावर कोणी म्हणेल, एकाच बाटलीतले सारे मेले, हा पुरावा नव्हे काय? पुरावा आहे, पण कशाचा? दोष त्या बाटलीत होता, एवढेच त्यावरून ठरते. दोष परळला शिरला असता तरी हेच घडले असते, आणि मुलकोवालला बाटली उघडताना शिरला असता तरी हेच घडले असते. जो पुरावा दोन्ही पक्षांशी सारखाच जुळतो, तो कोणत्याही पक्षाच्या पारड्यात टाकता येत नाही. आपल्या दैनंदिन वादांत सर्वांत अधिक फसवणूक ह्याच प्रकारच्या पुराव्याने होते. तो भरघोस दिसतो, हृदय हेलावून टाकतो, आणि निर्णयाला मात्र काडीचीही मदत करीत नाही.

तेव्हा विचारावयास हवे होते ते असे : परळचा पक्ष खरा असेल, तर आणखी काय काय दिसले पाहिजे? धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरून कित्येक आठवडे वाढत राहिले असते, तर बाटली उघडताच तीव्र दुर्गंधी यावयास हवी होती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला अशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय इतके दिवस साठलेले विष आयते शरीरात गेले असते, तर लक्षणे लवकर दिसली असती. ती दिसण्यास सुमारे आठवडा लागला, म्हणजे ताजे जंतू शरीरात शिरून तेथे वाढावेत, ह्या कल्पनेशी हा काळ अधिक जुळतो. आणि तिसरी साक्ष तर आयोगापुढेच आलेली होती. बाटलीचे बूच काढण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्वाळेत धरून शुद्ध करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे बीज मातीत असते, हे तेव्हाही ठाऊक होते.

कार्बोलिक वगळले जाणे आणि चिमटा पडणे, ह्या दोन्ही घटना मृत्यूंच्या आधीच्याच. दोन्हींना कावळा म्हणता येईल. पण गंध नसणे आणि लक्षणांना लागलेला काळ ह्या साक्षी दोहोंपैकी एकाच बाजूला झुकतात. निर्णय अशाच साक्षींनी करावयाचा असतो.

हे सारे वेळीच तोलले गेले नाही. आयोगाची कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञ पुढे आले. १९०७ च्या जुलैत दहा तज्ज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन ह्यांना पुन्हा काम देऊ केले, आणि ते हिंदुस्थानात परतले, ते मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. कर्तृत्वाची पाच वर्षे गेली होती. एवढेच नव्हे, परळची लसच विषारी, असा बोभाटा झाला की भयभीत लोक लसीपासून दूर राहणार, हे उघड आहे. त्याच १९०७ साली त्या वेळच्या हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांतली किती लसीने वाचली असती, ह्याचा हिशेब मांडणे शक्य नाही. परंतु एका कच्च्या अनुमानाची किंमत केवळ एका शास्त्रज्ञाने मोजली, असे कोणी समजू नये.

ह्या कथेतून एक चुकीचा बोधही सहज निघू शकतो, आणि त्याविषयी सावध करणे मला अगत्याचे वाटते. हाफकिन थोर होते, त्यांच्या लसीने उंडेऱ्यात माणसे वाचली, म्हणून ते मुलकोवालच्या बाबतीत निर्दोष, असे कोणी म्हणेल, तर तोही युक्तिवाद तितकाच लंगडा आहे. थोर माणसाच्या प्रयोगशाळेतही एखादी बाटली दूषित होऊ शकते. हाफकिन निर्दोष ठरतात ते दुर्गंधीच्या अभावामुळे, त्या आठवड्यामुळे आणि जमिनीवर पडलेल्या चिमट्यामुळे. व्यक्तीवरील प्रेम किंवा राग ही साक्ष नव्हे. आणि ह्या साक्षींनीही गणितासारखी सिद्धता होत नाही. त्यांनी परळचा पक्ष दुबळा केला आणि मुलकोवालचा पक्ष पुष्कळच बळकट केला, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. निष्कर्ष पुराव्याच्या मापाइतकाच ठेवणे, हाही तर्काचाच धर्म आहे.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पाडण्यासाठी होते ती वितंडा. घरात, कचेरीत, चावडीवर, सभेत आपण ह्यांतले नेमके काय करीत आहोत, हे स्वतःला विचारून पाहावे. आणि कोणावर ठपका ठेवण्याची वेळ आली, तर तीन प्रश्न पुरेत. दावा कोणता आणि त्याचे कारण कोणते? ते कारण असूनही तसा परिणाम न झाल्याचे उदाहरण आहे काय? आणि हा दावा खरा असेल, तर आणखी काय दिसावयास हवे, आणि ते आपण शोधले आहे काय?

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन ह्यांचे नाव देण्यात आले, आणि ते आजही कायम आहे. १९३० साली लोझान येथे हाफकिन वारले. मुलकोवालच्या त्या १९ जणांची नावे मात्र कोणत्याही इमारतीवर नाहीत. त्यांच्या मृत्यूचे खरे कारण शोधणे हे त्यांचेही देणे होते. घाईने कोणाला तरी दोषी ठरविले की आपल्याला न्याय केल्याचे समाधान मिळते, आणि खरे कारण मात्र मातीत पडलेल्या त्या चिमट्यासारखे नजरेआड राहते. पुढच्या वेळी फांदी मोडल्याचा आवाज आला, तर कावळ्याकडे अवश्य पाहावे. पण त्याआधी फांदीपाशी जाऊन ती आतून किडली होती की काय, तेही पाहून यावे.