नाळेवरच्या दोन तोफा

तोंडवलीच्या पुळणीवर सकाळी उभे राहा. पाठीशी गड नदीची खाडी, समोर दर्या आणि मधे वाळूची ही चिंचोळी पट्टी. मागे वळून बघाल तर सुरूचं बन नाही. ही सतराशे पन्नासच्या आसपासची सकाळ आहे, ते अजून लागायचं आहे. मतलई वारा पडत आला आहे. उत्तरेला, आचऱ्याच्या बाजूला, दोन डोलकाठ्यांची गुराब दिसते. शिडं लोंबकळताहेत, तरी ती पुढे सरकते आहे, कारण दोन गलबतं तिला दोर लावून ओढताहेत. एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही.

आता तुम्ही त्या गुराबेवर आहात. पायाखाली सागवान, नाकात दारूचा वास. हिची नाळ इंग्रजी जहाजासारखी गोल नाही. ती निमुळती होत पाण्यावर लांब पुढे आली आहे. तिच्या मागे फळ्यांची आडवी भिंत, भिंतीत दोन भोकं आणि प्रत्येक भोकातून नाळेवरून पुढे बघणारी एकेक तोफ. नऊ पौंडी नाहीतर बारा पौंडी, म्हणजे चार ते साडेपाच किलोचा लोखंडी गोळा. बाजूच्या तोफा याहून हलक्या. हिचा खरा जोर तोंडाशी आहे.

समोर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं एक व्यापारी जहाज वाऱ्याविना अडकलं आहे. तुमची गुराब आंग्र्यांच्या आरमारातली, आणि आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे या दर्यात फिरायचा परवाना, त्याने घेतलेलं नाही. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना आहेत आणि तुमच्याकडे त्याची पाठ आहे. तुमच्या हातात गज. थैली आत सारा, गोळा लोटा, ठासा. गोलंदाज कानात रंजक भरतो, नेम बघतो. पण तोफ डावी-उजवी करत नाही. तो ओरडतो ते तांडेलाला. तांडेल वल्हेकऱ्यांना हाक देतो आणि अख्खी गुराब बोटभर फिरते. इथे नेम धरायचा तो जहाजाने. बत्ती लागते, गाडा मागे उसळतो, दोर ताणून त्याला धरतो, धुरात काही दिसत नाही. रोख डोलकाठीवर आहे. ती मोडली की जहाज जागचं हलणार नाही आणि मग गलबतांतली माणसं तलवारी घेऊन त्यावर चढतील.

नेम धरायला अख्खं जहाज फिरवायचं, हे कोडं पुढे जगाने यंत्राने सोडवलं. १ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात शिरलेल्या अमेरिकेच्या 'ऑलिंपिया' क्रूझरवर आठ इंची चार तोफा होत्या, दोन फिरत्या पोलादी बुरुजांत. जहाज आपल्या वाटेने जात राही आणि बुरुज हवा तिकडे तोंड करी. एकेक गोळा शंभर किलोच्या वर. गुराबेच्या गोलंदाजाला तो बुरुज दाखवावा असं मला फार वाटतं. त्याला तो क्षणात कळला असता.

पण तुम्हाला अजून एका दिवशी जायचं आहे. देवगड मागे टाका आणि वाघोटणच्या खाडीत शिरा. विजयदुर्ग. १२ फेब्रुवारी १७५६ ची दुपार.

किल्ल्याचे आणि आरमाराचे धनी तुळाजी आंग्रे किल्ल्यात नाहीत. बोलणी करायला ते पेशव्यांच्या छावणीत गेले आहेत, आणि पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभं आहे. अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं आत आली आहेत: केंट, कंबरलँड, टायगर, सॉल्सबरी. तुम्ही त्याच गुराबेवर, त्याच तोफेशी. फक्त आज तुमची गुराब शेजारच्या गुराबेला बांधलेली आहे, ती तिच्या शेजारच्या गुराबेला, असं सगळं आरमार किल्ल्याखाली एकत्र जखडलेलं. गोलंदाज सवयीने मागे वळून हाक देतो. गुराब फिरत नाही. वल्हेकरी आहेत, खाडीत पाणीही आहे, पण दोर सुटत नाही. नाळ जिकडे आहे तिकडे आहे, आणि शत्रू भलतीकडे.

आंग्र्यांच्या तोफा हलक्या होत्या म्हणून आरमार बुडालं, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. इंग्रजी तोफा जड होत्या, संख्येनेही भारी होत्या, हे खरं. पण धावत्या पाठलागासाठी बांधलेलं जहाज खुंट्याला बांधून लढवलं, हे मला त्याहून सलतं.

चारच्या सुमारास उखळीचा एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडतो. कंपनीचं हे जहाज आंग्र्यांनी १७४९ मध्ये पकडून आणलेलं. ते पेटतं. दोरांवरून आग पुढच्या गुराबेवर, तिथून पुढच्या. शिडं, डांबर, सागवान. तुम्ही कोयती घेऊन दोरावर घाव घालता, एक, दोन, तिसरा. तोवर हात भाजू लागतो आणि तुम्ही पाण्यात उडी टाकता. तासाभरात आरमार संपतं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडतो. आत सुमारे दहा लाखांचा ऐवज सापडतो आणि तो इंग्रज आपसात वाटून घेतात.

डोळ्यांतलं खारं पाणी पुसा. तोंडवलीची पुळण, सुरूचं बन जागेवर. रापणीची होडी पाण्यात लोटताहेत. लाट आडवी येते, होडी कलते, आणि कमरेएवढ्या पाण्यातला म्हातारा ओरडतो, ''नाळ सरळ धर रे, नाळ!'' चार हात लागतात. होडी फिरते.