पहारेकऱ्याची चूक

१/ कैलास काटकर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत. बंधू संजय यांनी रचलेली ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस प्रणाली १९९० च्या दशकात तेथूनच बाजारात आली.

२/ अशी प्रणाली ज्ञात व्हायरसांच्या खुणा जपते व उघडणारी प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहते. म्हणून संगणक मंदावतो. खूण चुकून जुळली, तर निर्दोष फाइलही कैदेत पडते.

३/ २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या सदोष अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली. जगभर असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले.

४/ मोहोळच्या एखाद्या सेवा केंद्रात दाखल्याचे काम असे अडले, की पहाराच उठवण्याचा मोह होतो. खात्रीची फाइल तेवढी तपासणीतून वगळावी. दार उघडे टाकू नये.