ई-पत्रांचे दप्तर : चांदा-गडचिरोली प्रदेशाच्या संदर्भात एक विचार

मराठी पत्रव्यवहाराच्या इतिहासात पत्र कोणी लिहिले या प्रश्नाइतकाच ते पुढे कोठे राहिले हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. पेशवाईतील पत्र जासुदाच्या हाती निघे आणि पोचल्यावर ज्याचे त्याच्या घरी रुमालात बांधले जाई. १८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. तोपर्यंत ते अभ्यासकांस बहुतांशी बंदच होते. उलट, वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली साधने मुख्यतः खाजगी घराण्यांच्या कागदांवर उभी राहिली, आणि मराठीत फारसी शब्दांचा भरणा कसा झाला हे त्यांना जुन्या पत्रांवरूनच पडताळता आले. घरचा रुमाल वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतो, परंतु तो उघडता येतो; सरकारी दप्तर टिकते, परंतु त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते.

ई-पत्राच्या बाबतीत हीच अडचण नव्या रूपाने उभी राहिली. ई-पत्र वाचण्याच्या दोन रीती आहेत. एकीत वाचकाच्या संगणकावर युडोरा अथवा आउटलुक एक्सप्रेस यासारखा कार्यक्रम असतो. तो सर्व्हरवरील पत्रे उतरवून घेतो आणि मूळ प्रत बहुधा तेथून काढून टाकतो. दुसरीत पत्र सर्व्हरवरच राहते व ब्राउझरच्या खिडकीतून ते पाहावयाचे असते. पहिली रीत पॉप या संकेतावर चालते. तिची तिसरी आवृत्ती १९८८ सालची. तत्पूर्वी, १९८६ मध्ये, स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन याने आयमॅप हा संकेत रचला. त्यात कार्यक्रम वाचकाचा, पण मूळ प्रत सर्व्हरवर, असा मध्यममार्ग आहे. मात्र या मध्यममार्गात एका ठिकाणी पुसलेले पत्र दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानी येते.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले ते महानगरांत. चंद्रपूर त्यात नव्हते. १९८२ मध्ये चांदा जिल्ह्यातून वेगळा झालेला गडचिरोली तर नव्हताच. शासकीय कचेऱ्यांपुरती सोय निराळी होती. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास आधीच आरंभ केला होता. खाजगी माणसास मात्र दूरध्वनीच्या तारेवाचून गत्यंतर नव्हते, आणि जवळचे केंद्र दूरच्या शहरी असल्यास प्रत्येक मिनिटास परगावच्या संभाषणाचा दर पडे.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयुक्त होईल. सेकंदास ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या तारेवर ५,००० बाइटांचे साधे पत्र आदर्श स्थितीत चार-पाच सेकंदांत उतरते. ५०,००० बाइटांचे एक सजविलेले पान उघडावयास चाळीस सेकंदांहून अधिक काळ लागतो, आणि ब्राउझरमधून एक पत्र वाचावयाचे तर अशी तीन-चार पाने उघडावी लागतात. कार्यक्रम वापरणारा मनुष्य तार जोडी, पत्रे उतरवी, तार तोडी, आणि सावकाश वाचून उत्तरे लिहून ठेवी. ती पुढच्या जोडणीच्या वेळी जात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, अशा मुलखाला ही रीत स्वभावतःच मानवणारी होती. पावसाळ्याच्या आधी सामान भरून ठेवण्याची सवय असलेल्या माणसास ती शिकवावी लागत नसे.

तरीही लोक वळले ते दुसऱ्या रीतीकडे. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत रेडिफ निघाले. ज्याच्या घरी संगणक नाही त्यासही या सेवांमुळे स्वतःचा पत्ता मिळाला. सायबर कॅफेत अर्धा तास बसून पत्र पाहणाऱ्या विद्यार्थ्यास अथवा एटापल्लीहून चिमूरला बदलून गेलेल्या शिक्षकास घरच्या रुमालाचा काय उपयोग? पत्ता त्याच्याबरोबर हिंडे, हेच त्याला पुरे होते. या लाभाची किंमत जागेच्या रूपाने द्यावी लागली. हॉटमेलची पत्रपेटी आरंभी २ मेगाबाइटांची होती. ती भरली की जुने पुसावे लागे, आणि प्रथम पुसली जात ती लांबलचक घरगुती पत्रे.

भाषेच्या दृष्टीने या मर्यादेचा विचार क्वचितच झाला आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, रोमन अक्षरास १. त्यातच ई-पत्रासाठी केले जाणारे बेस-६४ रूपांतर आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढविते. म्हणजे ५,००० चिन्हांचे देवनागरी पत्र सुमारे २०,००० बाइट होते. २ मेगाबाइटांच्या पेटीत अशी शंभर पत्रे मावतील. तेवढ्याच लांबीची रोमन पत्रे चारशे. प्रत्यक्षात हा प्रसंग फारसा आला नाही, कारण विंडोज २००० पूर्वी सामान्य संगणकावर युनिकोड देवनागरीची सोयच नव्हती. आणि ती रुळेपर्यंत, १ एप्रिल २००४ रोजी, जीमेलने १ गिगाबाइट जागा देऊ केली. मधल्या काळात मराठी माणूस रोमन अक्षरांत मराठी लिही, किंवा निरनिराळ्या खाजगी टंकांत. हे टंक एका बाइटाचे, म्हणून हलके. पण तोच टंक दुसऱ्या यंत्रावर नसेल तर पत्राच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसे. घरच्या संगणकावर टंक एकदा बसविला की काम भागे. सायबर कॅफेत तो असेलच याची खात्री नसे.

जागेची टंचाई संपल्यावर संग्रहाची चिंताही संपली असा समज झाला. तो टिकला नाही. शैक्षणिक संस्थांस गूगलने दिलेली अमर्याद जागा २०२२ मध्ये प्रत्येक संस्थेस एकूण १०० टेराबाइट अशी मर्यादित झाली. दोन वर्षे न उघडलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचे धोरण त्याच कंपनीने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. निधन पावलेल्या कार्यकर्त्याची पत्रपेटी या नियमाने आपोआप नाहीशी होऊ शकते. दुसऱ्या बाजूस घरचे दप्तरही निर्धास्त नव्हते: आउटलुक एक्सप्रेसची एक फाइल २ गिगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नसे, आणि ती बिघडली की एक पत्र नव्हे, सबंध कप्पा बुडे. वाळवी निदान पानापानाने खाते.

कचेऱ्यांच्या बाबतीत तोल निराळा पडतो. पत्रपेटी पदाच्या नावाने असेल आणि पत्रे सर्व्हरवर राहत असतील, तर अधिकारी बदलला तरी दप्तर बदलत नाही; ती अधिकाऱ्याच्या यंत्रावर उतरत असतील तर यंत्राबरोबर भंगारात जाण्याची शक्यता राहते. केंद्र शासनाच्या २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या धोरणाने शासकीय पत्रव्यवहारासाठी खाजगी सेवा वर्ज्य ठरविल्या, ते या दृष्टीने योग्यच झाले. मात्र त्यामुळे पेशवे दप्तराची जुनी स्थिती परत येते: टिकेल पुष्कळ, उघडेल केव्हा ते दुसऱ्याच्या इच्छेवर.

२०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली गोंडी लिपी जून २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आदिलाबादकडील गुंजाळा गोंडी लिपी त्यानंतर एका वर्षाने. या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ मध्ये ४ बाइट लागतात. अशा लिपीतील पत्र टंक नसलेल्या यंत्रावर उघडले तर नुसत्या चौकटी दिसतात. परंतु चौकटीमागील संकेत शाबूत असतो, आणि टंक बसविताच अक्षरे परत येतात. १९९८च्या खाजगी टंकातील मराठी पत्राचे तसे नाही. तेथे टंकाचे नाव हरवले की पत्र हाती असूनही वाचता येत नाही, मग ते घरच्या यंत्रावर असो की दूरच्या सर्व्हरवर.