बलुत्याकडून उक्त्याकडे

आपल्याकडे घरांचा इतिहास म्हणजे वाड्यांचा आणि गढ्यांचा इतिहास. घर गळू लागले की ते दुरुस्त कोण करी, त्या कारागिराला बोलावण्याचा अधिकार कोणाला होता आणि दाम कोण ठरवी, हे प्रश्न इतिहासकारांना क्षुल्लक वाटत आले आहेत. मला ते तसे वाटत नाहीत. गवंड्याला दारात बोलावून ‘काम एवढे, पैसे एवढे’ असे म्हणता येणे ही आज साधी वाटणारी गोष्ट आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली नव्हती.

खानदेशातली जुनी घरे पुष्कळशी धाब्याची. लाकडी सरांवर काड्या, काड्यांवर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी धाब्यावर नवी माती टाकावी लागे, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागत. सर किडला तर सुतार हवा. गावात सुतार होता. पण तो बलुतेदार होता. कुणब्याचे औत-अवजार वर्षभर नीट ठेवायचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, असा त्याचा व्यवहार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ही सारी देवघेव तपशिलाने मांडली आहे. या व्यवहारात दर ठरवणे नव्हते, रूढी होती. महारवाड्यात येऊन घरावर चढणारा सुतार त्या रूढीत बसत नव्हता. म्हणून आपल्या वस्तीत बापच सुतार झाला, आई गवंडी झाली. माती तिने कालवली, भिंती तिने लिंपल्या. ही कारागिरी कोणत्याही बलुत्याच्या यादीत नोंदली गेली नाही.

उलट महार स्वतः बलुतेदार आणि वतनदार. वेस, चावडी, सरकारी कामगाराचा मुक्काम, जिथे हाक येईल तिथे त्याने जायचे. त्याच्या कामाला माप नव्हते. ज्याच्या कामाला माप नाही, त्याला मोबदला मागता येत नाही; मागितला तर ती भीक ठरते. वेठ ती हीच.

या चौकटीला पहिला धक्का शहरांनी दिला. इंग्रजी अंमल आल्यावर १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला सरकारी कचेऱ्या बांधायला घेतल्या. तेव्हा धुळे अवघ्या चारेकशे घरांचे गाव. गावच्या बलुतेदारांवर हे काम भागणारे नव्हते. लांबून कारागीर आणावे लागले. वसाहत वाढावी म्हणून घरांसाठी बिनभाड्याने जागा दिल्या, बांधकामाला रकमा दिल्या. येथे कारागीर रोख पैशासाठी आला होता, वतनासाठी नव्हे. पुढे रेल्वे आली, भुसावळला कारखाना झाला, जळगाव-धुळ्याला गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसालाही महिन्याच्या पगाराची चव कळली. ज्याच्या हाती रोकड, तोच कारागिराला हाक मारू शकतो.

पण कायद्याचा दुटप्पीपणा पाहा. १८७२ साली कराराचा कायदा झाला. दोन्ही पक्षांची खुषीची संमती असेल तरच करार, हे त्याचे तत्त्व. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ साली, मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा आला आणि जन्माने आलेली चाकरी त्याने कायद्यात बांधून टाकली. शहरातल्या ठेकेदाराला संमती, खेड्यातल्या महाराला जन्म! १९२८ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या दुसऱ्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराला वेळेची मर्यादा नाही, मोबदला तुटपुंजा, तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. काम कोणते ते ठरवा आणि त्याचा मोबदला निश्चित करा, ही मागणी होती. विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने १९५० मध्ये बिगार बेकायदा ठरली. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली.

बिगार गेली, शब्द मात्र राहिला. आजही गवंड्याच्या हाताखाली घमेले वाहणाऱ्याला आपण ‘बिगारी’ म्हणतो. मजुरी देऊन ज्याला आणले त्याला वेठीचे नाव! आणि त्या शब्दाबरोबर वागणूकही राहिली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धुळ्याच्या घराचा स्लॅब गळत होता. एका मिस्त्रीला उक्ते काम दिले. दर ठरला, विसार दिला. मिस्त्री चोख कारागीर. पण आठ दिवसांत आमच्या घरचे पाणी त्याच्या घशाखाली उतरले नाही. बाटली घरून आणी. कराराने तो आमच्या गच्चीवर आला, माजघरापर्यंत पोचला नाही. त्याच्या हाताखाली सातपुड्याकडची एक आदिवासी बाई होती. तिने पाणी मागितले तेव्हा तांब्या पुढे केला, तर तिने तो घेतला नाही. ओंजळ धरून उभी राहिली. मी म्हणालो, “ताई, तांब्या घ्या.” तिने मिस्त्रीकडे पाहिले, मग घेतला. संध्याकाळी कळले, तिची हजेरी पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी होती. मी मिस्त्रीला विचारले. तो म्हणाला, “साहेब, तुमचा-माझा उक्ता ठरलाय. माझी माणसं मी बघतो.”

उक्त्याची मर्यादा येथे उघडी पडते. घरमालक आणि मिस्त्री यांच्यात करार असतो. मिस्त्री आणि बिगारी यांच्यात बहुधा उचल असते, आणि उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला असतो. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ चा. वेठबिगारी निर्मूलनाचाही त्याच सालचा. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, पण स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्याने कक्षेबाहेर ठेवले होते. म्हणजे घराच्या डागडुजीत कायद्याचा माणूस येणार नव्हता; तेथे फक्त घरमालकाची नीती होती.

तो घरमालक आता आपणही आहोत. बाईची आणि पुरुषाची हजेरी सारखी धरा, मजुरी हातोहात आणि आमच्यासमोर द्या, असे दर ठरवतानाच मिस्त्रीला सांगता येते. त्याने चार पैसे जास्त मागितले तर ते द्यावे लागतील. काम, दर, तारीख कागदावर लिहावी आणि त्यात बिगाऱ्याचे नावही असावे. ज्यांच्या आजोबांच्या कामाला कधी माप मिळाले नाही, त्यांनी तरी दुसऱ्याचे काम बिनमापाचे ठेवू नये.