साथ, सक्ती आणि शुश्रूषा

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईत कोणत्या समाजाची किती माणसे दगावली, याचे आकडे सरकारी नोंदीत सापडतात. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९ आणि त्या वर्गवारीने ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले त्यांच्यात ६१.६. शहर एक, रोग एक आणि अंतर सातपटींहून अधिक.

या रोगावर तेव्हा औषध नव्हते, ते श्रीमंतांकडेही नव्हते. रोगी वाचायचा तो विश्रांती, पाणी, पातळ अन्न आणि उशाशी बसणारे माणूस यांच्या बळावर. चाळीच्या एका खोलीत सारे कुटुंब राहणाऱ्या गिरणी कामगाराला यातले काय मिळणार? खाडा झाला की मजुरी बुडे. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक मदतीला धावले. ज्या समाजांकडे पैसा होता त्यांनी आपापली सोय केली. ज्यांच्यामागे कोणीच नव्हते, त्यांचा हिशेब ६१.६ या आकड्यात आहे.

हेच सरकार वीस वर्षांपूर्वी घराघरांत शिरले होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मुळात अवघ्या चार कलमांचा असलेला हा कायदा सरकारला वाटेल तो उपाय योजण्याची मुभा देतो, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा सांगतो आणि अधिकाऱ्याला संरक्षण देतो. रोग्याला काय मिळाले पाहिजे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरे झडली. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. सरकार घरात लपवलेला रोगी हुडकत होते. त्या रोगी उचलून आणत होत्या. साथीच्या नियोजनाचे हे दोन मार्ग मला तिथे स्पष्ट दिसतात.

प्लेगात सक्ती झाली, इन्फ्लुएन्झात हात आखडला गेला. वरवर पाहता या उलट गोष्टी आहेत. पण दोन्ही वेळा ज्यांच्यावर साथ कोसळणार होती त्यांचे घर, पाणी आणि रोजगार योजनेच्या बाहेरच राहिले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली सापडले. जुलैत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या, इतर वस्तीत १६ टक्के. जिथे अनेक कुटुंबांना मिळून एक संडास आहे, तिथे ‘अंतर राखा’ ही सूचना पाळायची कशी? धारावीत उपाय लागू पडले ते हे ओळखल्यावर. पालिकेचे लोक दारोदार गेले, सार्वजनिक संडास वारंवार धुतले गेले, विलगीकरणात राहणाऱ्यांना जेवण मिळाले.

साथीच्या तयारीत लस, खाटा आणि प्राणवायू मोजतात, मोजलेच पाहिजेत. पण माझ्या मते त्या यादीत बुडणारी मजुरी, नळाचे पाणी, संडास आणि शुश्रूषेला माणूस या बाबीही रकमेसकट, साथ येण्याआधी लिहिलेल्या असाव्यात. त्या लिहिताना वस्तीतली माणसेही बैठकीला हवीत. साथ आल्यावर फक्त आकडे लिहायचे उरतात, आणि ते आपण १९१८ पासून नीट लिहीत आलो आहोत.