मलबारी साग, मुंबईची नौका

‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती मलबारी सागात बांधली. ब्रिटिश नौदलाला सागाचा लळा होता असे नव्हे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत त्यांच्याकडील ओकचा तुटवडा झाला होता. पण सागाचा गुण त्यांना लवकरच पटला. ओकमधल्या टॅनिनने लोखंडी खिळा गंजतो आणि गंज भोवतीचे लाकूड खातो. तेलकट साग खिळ्याला सांभाळून घेतो.

१९९० ते २००१ या काळात इंग्लंडमधील हार्टलपूल येथे या नौकेचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक मूळ लाकूड जागच्या जागी राखता आले. मला हा आकडा कोणत्याही प्रशस्तिपत्राहून मोठा वाटतो. आपल्याकडे वाडियांचा अभिमान पुष्कळ, त्यांनी निवडलेल्या लाकडाचा अभ्यास थोडा.

मी हार्टलपूल पाहिलेले नाही. सागाशी माझी ओळख कोकणातल्या एका जुन्या होडीपुरती. तिला सागाची नवी फळी बसवली, रंधा मारला आणि हौसेने व्हार्निश चढवले. जे तेल खिळा वाचवते तेच व्हार्निशला धरू देत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते. आधी फळी द्रावकाने पुसून लगेच हात मारायला हवा होता. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. म्हाताऱ्या सुताराने ते मुकाट्याने खरवडले आणि फळीला माशाचे तेल चोळले. वास आठवडाभर माझ्या हाताला होता.