दोन केसांएवढा धातू

जानेवारीतल्या एका रात्री गिटारच्या गळ्यावरून हात खाली सरकवला आणि तर्जनीच्या बुडाशी बारीक ओरखडा उठला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. बोटाने चाचपून पाहिलं, तर सगळ्या पडद्यांची टोकं करवतीच्या दातांसारखी बाहेर आलेली.

गिटार मी जुलैत घेतली होती, ऑनलाइन, स्वस्तातली. तेव्हा हीच कड व्यवस्थित लागत होती. मग सहा महिन्यांत धातू बाहेर कसा आला? तर धातू जागचा हललाच नव्हता, लाकूड आत गेलं होतं. बोईसरच्या पावसात जी हवा कपाटातल्या चपलांना बुरशी आणते, ती लाकडालाही फुगवते. थंडीत हवा कोरडी होते, त्यात माझं वर्क फ्रॉम होम, आणि गिटार टांगलेली बरोबर एसीखाली. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, पण आडव्या दिशेने आक्रसतं. पट्टीची रुंदी शेवटच्या पडद्याशी साधारण ५६ मिलिमीटर असते. ती अर्धा टक्का जरी कमी झाली, तर दोन्ही बाजूंना ०.१४ मिलिमीटर धातू उघडा पडतो. म्हणजे दोन केसांएवढा. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतो.

फाइल घेऊन बसण्याआधी मी इंजिनिअर लोक करतात तेच केलं, वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की ही कटकट वाद्यांच्या इतिहासात तशी नवीच आहे.

युरोपातल्या ल्यूटला पडदे असत ते आतड्याच्या तारेचे, गळ्याभोवती गाठ मारून बांधलेले. १५८१ साली व्हिन्चेन्झो गालिलेई या ल्यूटवादकाने (दुर्बिणवाल्या गॅलिलिओचे वडील) पडदे कुठे बांधायचे याचा सोपा हिशेब छापला: तारेची जेवढी लांबी उरली असेल तिचा अठरावा भाग सोडा आणि पुढचा पडदा बांधा. आज कारखान्यात १७.८१७ हा आकडा वापरतात. साडेचारशे वर्षांत एवढाच फरक! बांधलेल्या पडद्याला टोक नसतं, त्यामुळे तो टोचतही नाही.

आपल्याकडे सतारीचे पडदे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे. (नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. गिटारचे पडदेही बहुतेक याच मिश्रधातूचे.) पण सतारीत ते दांडीवर कमानीसारखे उभे राहतात आणि दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे सरकवता येतात. लाकूड आक्रसलं तर दोरा फार तर ढिला पडेल. दक्षिणेतल्या वीणेचे पडदे मेणात बसवतात. बांधा किंवा चिकटवा, दोन्ही पद्धतींत लाकडाला हलायला जागा राहते.

गिटारने ती जागा काढून घेतली. लाकडात करवतीने चीर पाडून त्यात धातू ठोकायचा. आधी साध्या चपट्या पट्ट्या असत. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९३४मध्ये इंग्रजी टी अक्षरासारख्या छेदाचे पडदे घेतले आणि आज सगळीकडे तेच दिसतात. १९५०मध्ये लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने, ज्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, सपाट फळीची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. गळा चार स्क्रूंनी जोडलेला, सगळं कारखान्यात होण्याजोगं. गिब्सनच्या बऱ्याच गिटारींना कडेला प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यामागे पडद्यांची टोकं झाकली जातात. स्वस्त गिटारीवर हा लाड नसतो, टोकं घासायला लागणारा वेळही कुणी देत नाही. किमतीतला फरक बराचसा तिथे असतो, असं माझं मत झालंय.

आणि हे टोकं घासण्याचं काम? इथे मला मिरज आठवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथले शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे लोक, हत्यारांची मागणी संपल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तूनचं लाकूड आणि धातूची नस ओळखणारे हात. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहायला आले आणि गावाला गाण्याचंही नाव मिळालं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्यांत सूर, परंपरा वगैरे सगळं होतं. कानशीचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

कानस आमच्या घरात होती. बाबा आयटीआयचे फिटर, तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं नोकरी, आता निवृत्त. गिटारबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. मी ऑनलाइन मागवलेली फाइल त्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "आज घासायचं नाही. आधी त्या एसीखालून काढ."

आठवडाभर गिटार बाहेरच्या खोलीत राहिली. निम्मी टोकं आपोआप आत गेली! त्याच दिवशी घासलं असतं तर नको तेवढा धातू गेला असता. अर्थात थोडं जास्त गेलं तरी पावसात लाकूड पडद्याच्या पुढे येतं, इतकंच. खरी भीती लाकूड खरवडण्याची. उरलेल्या टोकांसाठी मात्र कानसच.

तारा सैल केल्या. लाकडावर मास्किंग टेप लावली, पिकअपही झाकले, म्हणजे धातूचा कीस त्यांवर पडणार नाही. मी मागेपुढे घासायला लागलो तर बाबांनी मनगट धरलं. "कानस पुढे जाताना कापते. मागे येताना दाब सोड." आयटीआयत पहिले कित्येक दिवस त्यांनी लोखंडाचा एक चौकोनी तुकडा सपाट करण्याशिवाय काही केलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. पंचवीस वर्षं एका घरात राहून.

आधी चपटी कानस कडेला सपाट धरून टोकं लाकडाबरोबर आणली. मग ती तिरपी धरून वरची धार मोडली. घासायची दिशा पट्टीकडे, खाली. वर ओढलं तर पडदा चिरेतून उचकटतो. शेवटी छोट्या त्रिकोणी कानशीने प्रत्येक टोकाचे दोन कोपरे गोल. लाकडाला लागणारी तिची धार बाबांनी आधी दगडावर घासून बोथट केली होती. बावीस पडदे, दोन बाजू, म्हणजे चव्वेचाळीस टोकं आणि अठ्ठ्याऐंशी कोपरे. मग ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. दहा कोपऱ्यांनंतर माझी बोटं आखडली. दिवसाला दहा तास कीबोर्ड बडवणारी बोटं, पण हे काम त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

उरलेले कोपरे बाबांनी केले. मध्ये चहा झाला, अंधारही पडला. शेवटी त्यांनी डोळे मिटून गळ्यावरून अंगठा फिरवला, बावीसपासून एकपर्यंत, एकदा वरून, एकदा खालून. चौदाव्यापाशी थांबले.

"हा अजून," म्हणाले, आणि कानस माझ्याकडे दिली.